टू-वे ॲनोव्हा: दोन सॉफ्टवेअरचे तक्ते जुळत नाहीत तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. टू-वे ॲनोव्हा म्हणजे दोन घटकांचा एका मोजमापावर होणारा परिणाम तपासण्याची पद्धत. इथे दोन फॅक्टर (घटक) आहेत, एकाला दोन लेव्हल (प्रकार), दुसऱ्याला तीन. प्रत्येक गटात निरीक्षणं सारखीच. तोच डेटा एसपीएसएस आणि आर या दोन्ही सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये चालवला. आरमध्ये कुणीतरी सुचवलं म्हणून ‘टाइप ३’ ही हिशोबाची पद्धत घेतली. इंटरॅक्शनची (एका फॅक्टरचा परिणाम दुसऱ्याच्या लेव्हलनुसार बदलतो का, याची) ओळ दोन्हीकडे तंतोतंत जुळते, पण मुख्य परिणामांचे (एकेका फॅक्टरच्या सरासरी परिणामांचे) एफ, म्हणजे गटांमधला फरक आणि गटांच्या आतला फैलाव यांचं गुणोत्तर, वेगळे येतात. खरं कोणतं मानायचं? आणि इंटरॅक्शन सिग्निफिकंट (निव्वळ योगायोगाने सहसा न येणारं) आलं आहे, तर पुढे काय करायचं?

बेरीज-वजाबाकी दोन्ही सॉफ्टवेअरनी बरोबरच केली आहे. फरक आहे तो त्यांना विचारलेल्या प्रश्नात. इंटरॅक्शन जुळतं आणि मुख्य परिणाम जुळत नाहीत, एवढ्यावरूनच मी जवळजवळ पैजेवर सांगेन की आरमध्ये तुम्ही कॉन्ट्रास्ट, म्हणजे लेव्हलची तुलना कशाशी करायची याचे नियम, बदलले नाहीत. तुमचा डेटा माझ्याकडे नाही, म्हणून आरसोबत येणाऱ्या ‘टूथग्रोथ’ या डेटावर दाखवतो. त्याची मांडणी नेमकी तुमच्यासारखीच आहे, आणि तुम्हाला घरबसल्या प्रत्येक आकडा ताडून पाहता येईल.

यात ६० गिनीपिग आहेत. क जीवनसत्त्व दोन मार्गांनी दिलं: संत्र्याचा रस किंवा शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिड. डोस तीन: दिवसाला ०.५, १ आणि २ मिलिग्रॅम. म्हणजे सहा सेल (मार्ग आणि डोस यांच्या जोड्या), प्रत्येकात १० प्राणी, आणि मोजलेली गोष्ट म्हणजे दात वाढवणाऱ्या पेशींची लांबी. रसाच्या गटात चढत्या डोसनुसार सरासरी १३.२३, २२.७० आणि २६.०६. ॲसिडच्या गटात ७.९८, १६.७७ आणि २६.१४. हे सहा आकडे कागदावर लिहून समोर ठेवा. पुढचं सगळं यांच्याभोवतीच फिरणार आहे. माझ्या अनुभवात निम्म्या चुका होतात त्या हे सहा आकडे न बघता थेट पी-व्हॅल्यूकडे (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) धावल्यामुळे.

आता पहिला सापळा, कारण तो इतका साधा आहे की कुणी तपासतच नाही. या डेटात डोसचा कॉलम अंकांचा आहे. आरला तुम्ही सांगितलं नाही की हे गट आहेत, तर ते त्याला मोजमाप समजतं आणि गुपचूप सरळ रेषा बसवतं. एरर येत नाही, इशारा येत नाही, तक्ता छान दिसतो. फक्त डोसपुढे डिग्रीज ऑफ फ्रीडम (त्या ओळीत किती स्वतंत्र तुलना मावतात ती संख्या) १ दिसतात आणि रेसिड्युअलपुढे (मॉडेलने न समजावलेल्या उरलेल्या फैलावापुढे) ५६. तीन लेव्हलच्या फॅक्टरला २ हव्यात, आणि रेसिड्युअलला ६० वजा ६ म्हणजे ५४. एकदा एक पूर्ण लिहून झालेला अहवाल माझ्याकडे तपासायला आला होता, त्यात ही १ पहिल्याच तक्त्यात बसली होती आणि पुढची वीस पानं तिच्यावर उभी होती. तेव्हापासून कुठलाही ॲनोव्हाचा तक्ता हातात आला की मी एफकडे नंतर बघतो, आधी डिग्रीज ऑफ फ्रीडम बोटांवर मोजतो. आरमध्ये कॉलम ‘फॅक्टर’ करून घ्या. पायथनच्या स्टॅट्समॉडेल्स या पॅकेजमध्ये सूत्रात व्हेरिएबलभोवती मोठ्या ‘सी’चा कंस घाला. एसपीएसएसमध्ये ॲनालाइझ, जनरल लिनिअर मॉडेल, युनिव्हेरिएट असं गेल्यावर डोस ‘फिक्स्ड फॅक्टर्स’च्या चौकटीत टाका. चुकून ‘कोव्हेरिएट’च्या (मोजमाप म्हणून धरायच्या आकड्यांच्या) चौकटीत पडला तर हाच घोटाळा तिथेही होतो.

डोस फॅक्टर केल्यावर आरच्या साध्या ‘एओव्ही’ या फंक्शनमधून येणारा तक्ता असा: मार्गासाठी वर्गांची बेरीज (सम ऑफ स्क्वेअर्स, म्हणजे त्याच्या वाट्याला आलेला फैलाव) २०५.४, एफ १५.५७. डोससाठी २४२६.४, एफ ९२.०. इंटरॅक्शनसाठी १०८.३, एफ ४.१०७, पी ०.०२२. रेसिड्युअल ७१२.१, त्याला ५४ ने भागलं की १३.१९. एसपीएसएसमध्येही हेच येईल. तिथे ‘करेक्टेड मॉडेल’ आणि ‘इंटरसेप्ट’ अशा दोन ओळी वर जास्तीच्या दिसतात. तुमच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध नाही, सोडून द्या.

आता हाच डेटा आरमध्ये ‘कार’ पॅकेजच्या ॲनोव्हा फंक्शनला देऊन टाइप ३ मागा, बाकी काही न बदलता. मार्गाचा एफ १५.५७ चा होतो १०.४५. डोसचा ९२.० चा होतो ३३.५७. इंटरॅक्शन मात्र ४.१०७ च. तुमचंच दुखणं, नाही का?

काय झालं ते बघा. आर आपणहून ‘ट्रीटमेंट कॉन्ट्रास्ट’ वापरतं, म्हणजे प्रत्येक फॅक्टरची पहिली लेव्हल पाया धरून बाकीच्यांची तिच्याशी तुलना. मॉडेलमध्ये इंटरॅक्शन असताना या पद्धतीत ‘मार्ग’ या ओळीचा अर्थच बदलतो. ती ओळ मग ‘तीनही डोस धरून सरासरीने मार्गाचा फरक’ सांगत नाही, तर ‘सगळ्यात कमी डोसला मार्गाचा फरक’ सांगते. हाताने करून बघा: ०.५ डोसला फरक १३.२३ वजा ७.९८, म्हणजे ५.२५. त्याचा वर्ग २७.५६. दोन गट दहा-दहाचे असल्याने त्याला ५ ने गुणायचं, १३७.८. भागिले १३.१९, १०.४५. हाच तो तुमचा गूढ एफ. तसंच डोसच्या ओळीतला ३३.५७ म्हणजे फक्त रसाच्या गटातल्या तीन सरासरींची तुलना, कारण रस ही आरच्या लेखी पहिली लेव्हल. या तुलना चुकीच्या नाहीत, पण त्यांना ‘मुख्य परिणाम’ म्हणून छापणं चूक आहे.

उपाय एका ओळीचा आहे: मॉडेल बसवण्याआधी कॉन्ट्रास्ट बदलून ‘सम’ (इंग्रजी ‘sum’; तुलना पहिल्या लेव्हलशी नाही, सगळ्यांच्या सरासरीशी) पद्धतीचे करा, मग टाइप ३ मागा. आकडे पुन्हा १५.५७ आणि ९२.० वर येतील. पायथनमध्येही टाइप ३ मागताना सूत्रात ‘सम’ कोडिंग स्वतः लिहावं लागतं, नाहीतर हाच प्रकार. एसपीएसएस, जमोव्ही, जॅस्प या सॉफ्टवेअरमध्ये ही काळजी आतून घेतलेली असते, म्हणून तिथे कुणाला कळतच नाही की असं काही असतं. जाता जाता: आरमध्ये लहान ‘ए’ने सुरू होणारं ॲनोव्हा वेगळं आणि ‘कार’मधलं मोठ्या ‘ए’चं वेगळं. पहिलं टाइप १ देतं, दुसरं न सांगता टाइप २ देतं. एका अक्षरावर निष्कर्ष फिरलेले मी पाहिले आहेत.

तुमच्या गटांत निरीक्षणं सारखी आहेत, म्हणून कॉन्ट्रास्ट नीट केले की टाइप १, २, ३ सगळे एकच उत्तर देतात आणि वाद संपतो. पण पुढच्या वेळी एखादा नमुना खराब होईल, कुणी अर्ध्यात सोडून जाईल, तेव्हा हे टाइप खरोखर वेगळे होतात. हा गुंता जुना आहे. संख्याशास्त्रज्ञ फ्रँक येट्स यांनी १९३४ मध्ये असमान गटांच्या विश्लेषणावर लिहिलं तेव्हापासूनचा. टाइपना १ ते ४ हे क्रमांक मात्र खूप नंतर सॅस या सॉफ्टवेअरमुळे रूढ झाले.

एक बनवलेलं उदाहरण घ्या. शिकवण्याच्या दोन पद्धती, जुनी आणि नवी. विद्यार्थी दोन प्रकारचे, सराव केलेले आणि न केलेले. समजा पद्धतीने काहीच फरक पडत नाही: सराव न केलेल्यांची सरासरी दोन्ही पद्धतींत १०, केलेल्यांची दोन्हींत २०. पण जुन्या पद्धतीच्या वर्गात सराव न केलेले ८ आणि केलेले २, नव्या पद्धतीच्या वर्गात नेमकं उलट. आता पद्धतींची सरळ सरासरी काढा: जुनी १२, नवी १८. सहाचा फरक, आणि तो निव्वळ गर्दीचा खेळ!

टाइप १ हा क्रमाने चालतो. सूत्रात पद्धत आधी लिहिली तर तिच्या खात्यावर वर्गांची बेरीज १८० पडते आणि सरावाला उरतात ३२०. सराव आधी लिहिला तर सरावाला ५०० आणि पद्धतीला शून्य. डेटा तोच, फक्त दोन शब्दांची अदलाबदल. टाइप २ आणि टाइप ३ दोघंही इथे पद्धतीला शून्यच देतात, कारण ते प्रत्येक मुख्य परिणाम दुसऱ्याचा वाटा काढून मोजतात. त्या दोघांत फरक असा की टाइप २ मुख्य परिणाम मोजताना इंटरॅक्शन नाही असं धरून चालतो, तर टाइप ३ इंटरॅक्शन मॉडेलमध्ये ठेवून सगळ्या सेलच्या सरासरींना सारखं वजन देतो.

कोणता वापरायचा यावर संख्याशास्त्रज्ञ हमरीतुमरीवर येतात. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. इंटरॅक्शन नगण्य असेल तर टाइप २, कारण खरा परिणाम पकडण्याची ताकद त्याची जास्त. इंटरॅक्शन ठळक असेल तर मुख्य परिणामांवर भांडण्यातच फारसा अर्थ नाही, मग टाइप कोणताही असो. टाइप ३ मी वापरतो तो प्रयोग ठरवून समान गटांचा आखला होता आणि अपघाताने दोन-चार निरीक्षणं गेली, अशा वेळी. टाइप १ मात्र असमान गटांवर नकळत वापरला जाऊ नये, आणि तो नकळत वापरला जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त, कारण आरचं ‘एओव्ही’ आणि स्टॅट्समॉडेल्सचं ‘ॲनोव्हा एलएम’ दोन्ही काही न सांगितल्यास तेच देतात. ओळख सोपी आहे: सूत्रातला क्रम उलटा करून पुन्हा चालवा. आकडे हलले तर गट असमान आहेत आणि तुम्ही टाइप १ मध्ये आहात. इंटरॅक्शन आणि रेसिड्युअल या शेवटच्या दोन ओळी सगळ्या टाइपमध्ये सारख्याच राहतात. त्याही जुळत नसतील तर दुखणं वेगळं आहे: कुठेतरी गाळलेल्या नोंदी वेगळ्या आहेत, फॅक्टर अंक म्हणून वाचला गेलाय, किंवा एखादी लेव्हल स्पेलिंगच्या चुकीने दोनदा मोजली जातेय. शब्दाच्या शेवटी राहिलेली एक रिकामी जागासुद्धा नवी लेव्हल तयार करते.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, आणि माझ्या दृष्टीने खरा भाग.

टूथग्रोथमध्ये मार्गाचा मुख्य परिणाम म्हणजे रस सरासरी ३.७० ने पुढे. पण त्या सहा आकड्यांकडे परत बघा. ०.५ डोसला रस ५.२५ ने पुढे, १ ला ५.९३ ने, आणि २ ला ०.०८ ने मागे, म्हणजे फरकच नाही. ३.७० हा आकडा या तीनपैकी एकाही डोसला लागू पडत नाही. ‘रस हा ॲसिडपेक्षा चांगला’ असं पी ०.०००२ दाखवून लिहिणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण वाचणाऱ्याची दिशाभूल नक्की करतो. खरं वाक्य असं: कमी डोसला रस पुढे, दोन मिलिग्रॅमला दोघंही सारखे. इंटरॅक्शन म्हणजे एवढंच, की ‘किती फरक पडतो’ याचं उत्तर ‘कुठे?’ असं विचारल्याशिवाय देता येत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी आलेख. आडव्या अक्षावर डोस, प्रत्येक मार्गाची वेगळी रेघ. आरमध्ये ‘इंटरॅक्शन प्लॉट’ आहेच. एसपीएसएसमध्ये ‘प्लॉट्स’च्या खिडकीत दोन्ही फॅक्टर जागेवर टाकल्यावर ‘ॲड’ दाबायला विसरू नका, न दाबता पुढे गेलात तर आलेख येत नाही आणि माणूस तासभर शोधत बसतो. रेघा समांतर असतील तर मुख्य परिणामांची गोष्ट सांगा. इथे त्या शेवटी एकत्र येतात, म्हणून सिंपल इफेक्ट, म्हणजे प्रत्येक डोसला मार्गांची स्वतंत्र तुलना.

ही तुलना डेटाचे तुकडे करून तीन टी-टेस्ट लावून करू नका. तसं केलं की प्रत्येक टेस्टला रेसिड्युअलच्या १८ च डिग्रीज ऑफ फ्रीडम मिळतात. पूर्ण मॉडेलमधला एरर वापरला तर ५४. आरमध्ये ‘ईएममीन्स’ पॅकेजला ‘मार्ग, डोसनिहाय’ असं सांगायचं. एसपीएसएसमध्ये ‘पेस्ट’ दाबून सिंटॅक्स उघडा आणि ईएममीन्सच्या ओळीत दोन्ही फॅक्टर तारकेने जोडून पुढे ‘कंपेअर’ आणि कंसात फॅक्टरचं नाव लिहा. ‘पोस्ट हॉक’ बटणाच्या नादी लागू नका. ते कडेच्या सरळ सरासरींची तुलना करतं, सेलची नाही, आणि वरच्या उदाहरणातला १२ विरुद्ध १८ चा चकवा तिथेच बसलेला असतो.

आपल्या डेटात प्रत्येक फरकाची स्टँडर्ड एरर (तो फरक योगायोगाने साधारण किती हलू शकतो) १३.१९ गुणिले २ भागिले १० याचं वर्गमूळ, म्हणजे १.६२. त्यामुळे टी (फरक भागिले स्टँडर्ड एरर) येतात ३.२३, ३.६५ आणि उणे ०.०५. पी ०.००२१, ०.०००६ आणि ०.९६. तीन तुलना केल्या म्हणून बॉनफेरोनीने (अनेक तुलनांसाठी पी वाढवून घेण्याच्या नियमाने) तिप्पट केले तरी पहिले दोन ०.०१ च्या खालीच राहतात.

एक चूक मात्र अगदी अनुभवी लोकही करतात. एका डोसला पी ०.०४ आणि दुसऱ्याला ०.०६ आला की ‘एकात फरक आहे, दुसऱ्यात नाही, म्हणजे इंटरॅक्शन आहे’ असं लिहून मोकळे होतात. तसं नसतं. दोन फरकांमधला फरक तपासायचा असतो, आणि ते काम इंटरॅक्शनच्याच ओळीचं.

गृहीतकांबद्दल थोडक्यात. नॉर्मॅलिटी (आकडे घंटेच्या आकाराच्या नॉर्मल वक्रात बसतात का) मूळ आकड्यांची नाही, रेसिड्युअलची बघायची. सहा वेगवेगळ्या सरासरींचे गट एकत्र टाकले तर मूळ आकड्यांचा आलेख वेडावाकडा दिसणारच. इथे रेसिड्युअलवर शापिरो-विल्कचा (नॉर्मॅलिटीच्या टेस्टचा) पी ०.६७ आहे, आणि सहा सेलवर लेव्हीनचा (सगळ्या सेलचा फैलाव सारखा आहे का, या टेस्टचा) पी ०.१५. ठीक आहे. मी या टेस्टपेक्षा रेसिड्युअलच्या आलेखावर जास्त भरवसा ठेवतो, कारण छोट्या नमुन्यात टेस्टना काही दिसत नाही आणि मोठ्या नमुन्यात नको तेवढं दिसतं. फैलाव सरासरीसोबत वाढत असेल तर लोक लगेच आकड्यांचा लॉग (लॉगॅरिदम) घेतात. घ्या, पण लॉगने इंटरॅक्शनचा अर्थ बदलतो हे ध्यानात ठेवून. एका गटात १० चे २० झाले आणि दुसऱ्यात ३० चे ६०, तर साध्या मापावर वाढ १० विरुद्ध ३०, म्हणजे इंटरॅक्शन आहे. लॉगच्या मापावर दोन्हीकडे दुप्पट, इंटरॅक्शन गायब. कोणतं माप तुमच्या विषयात अर्थपूर्ण, हे पी बघण्याआधी ठरवायचं.

एक्सेलमध्ये करणाऱ्यांसाठी: ‘टू-फॅक्टर विथ रेप्लिकेशन’ प्रत्येक सेलमध्ये सारख्याच ओळी मागतं, असमान गट त्याला चालतच नाहीत. ‘विदाउट रेप्लिकेशन’ म्हणजे सेलमागे एकच निरीक्षण, आणि तिथे इंटरॅक्शन रेसिड्युअलपासून वेगळं काढता येत नाही. सेलच्या सरासऱ्या काढून त्या या दुसऱ्या पर्यायात भरणारे लोक मी पाहिले आहेत. हातातली माहिती अशी फेकून देऊ नये.

शेवटचं, आणि हे सॉफ्टवेअर तुम्हाला कधीच सांगणार नाही. तुमच्या ‘प्रत्येक गटात सारखी निरीक्षणं’ या वाक्यावर माझं थोडं अडतंय. ती निरीक्षणं वेगवेगळ्या माणसांची, प्राण्यांची, रोपांची आहेत ना? एकाच रोपाची तीन पानं मोजली असतील तर ती तीन निरीक्षणं नाहीत, ते एकाच रोपाचं तीनदा केलेलं मोजमाप आहे. एकाच माणसाला तीनही डोस दिले असतील तर हा साधा टू-वे नाहीच, एकाच व्यक्तीची अनेक मोजमापं धरणारं रिपीटेड मेझर्स किंवा मिक्स्ड मॉडेल लागेल. यात चुकणारे तुम्ही पहिले नसाल. ॲनोव्हाचे जनक रॉनल्ड फिशर आणि त्यांचे सहलेखक मॅकेन्झी यांनी १९२३ मध्ये इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रातल्या बटाट्याच्या वाणांवर आणि खतांवर जे विश्लेषण छापलं, त्यात मांडणी स्प्लिट-प्लॉटची (एक फॅक्टर जमिनीच्या मोठ्या तुकड्यांना, दुसरा त्यांच्यातल्या छोट्या तुकड्यांना) असूनही सगळ्या तुलनांना एकच एरर लावला होता. १९२५ मध्ये त्याच प्रयोगातला डेटा घेऊन फिशर यांनी दोन वेगळे एरर वापरले.

तेव्हा एकदा वही काढून बघा की प्रत्येक ओळ कुठून आली. तिथे काही गडबड नसेल, तर कॉन्ट्रास्ट ‘सम’ करून मॉडेल पुन्हा चालवा. जुळलेला तक्ता, सहा सेलच्या सरासऱ्या, त्यांच्या निरीक्षणांची संख्या आणि सिंपल इफेक्ट, एवढं अहवालात द्या, आणि कोणता टाइप वापरला तेही लिहा. पार्शियल ईटा स्क्वेअर (परिणाम किती मोठा, याचं माप) हवाच असेल तर इंटरॅक्शनसाठी तो १०८.३ भागिले (१०८.३ अधिक ७१२.१), म्हणजे ०.१३, असा हातानेही निघतो. तुमच्या तक्त्यातले आकडे त्याच जागी घाला.